अर्धी देवकी, अर्धी जनी

खुरासणीच्या फुलांनी डोंगरउतार पिवळे झाले, भात कापून खाचरं उघडी पडली, की शाळेच्या मैदानावर फक्की पडते. पांढऱ्या रेषा, मध्यरेषा, निदानरेषा, राखीव खेळाडूंचा चौकोन. त्या फक्कीचा कोरडा, घशात बसणारा वास आला की माझं डोकं ठणकायला लागतं. या दिवसांत लोकांना दिवाळी आठवते, पहाटेचा गारवा आठवतो, नव्या तांदळाचा भात आठवतो. मला संघनिवड आठवते. आणि संघनिवड आठवली की आधी राग येतो, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

यंदा तर राग आपल्या पायांनी चालत स्टाफरूममध्ये आला. आमच्याकडे नवीन क्रीडाशिक्षक रुजू झालेत, वयानं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे. लॅपटॉप काखोटीला मारून आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पूर्वी गणितानं कबड्डीची टीम काढायचात म्हणे. मला पण शिकवा ना."

"चहा घ्या आणि तासाला जा," मी म्हटलं.

बिचारे हिरमुसले. त्यांचा काही दोष नव्हता. पण हे सगळं चहाच्या कपाबरोबर सांगण्यासारखं नाही, आणि सांगायला बसले असते तर माझा आवाज चढला असता. म्हणून ते गेल्यावर खिडकीतून मैदानाकडे बघत बसले. एक मुलगी वाकून फक्कीची रेषा मारत होती. रेषा वाकडी जात होती आणि तिला कुणी काही सांगत नव्हतं.

मी मूळची मोखाड्यातली, पोशेऱ्याची. नागली-वरई पिकवणाऱ्या घरातली. नाशिकला गणितात एम.एस्सी. केलं आणि जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत लागले. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता. तो हेडसरांच्या केबिनमध्ये फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असायचा, आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. त्याला हात लागायचा तो तेवढाच, कारण दिवसा वीज नसायची.

आमच्या मुलींची कबड्डी मात्र झकास होती. नागलीच्या रोपांच्या लावणीत दिवसभर वाकून राहणाऱ्या मुली. त्यांना चढाई करणाऱ्याचा घोटा पकडायला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागायचं ते आम्हा मोठ्यांना. दर वर्षी बारा जणी निवडायच्या म्हटलं की आमची नुसती बोंबाबोंब. क्रीडाशिक्षक वारघडे सरांना सगळ्या दांडग्या मुली हव्यात. हेडसरांना प्रत्येक वर्गातून एक तरी हवी, म्हणजे कुणाची तक्रार नको. अधीक्षिकाबाईंना ज्या मुली रात्री रडत नाहीत त्या हव्यात. एका वर्षी तर निवड चार वेळा झाली आणि चारही वेळा वेगळी झाली. मुली बिचाऱ्या पिशवी भरायच्या, रिकामी करायच्या.

या सगळ्यांवर एक अट पाड्यांची. ती कुठल्या कागदावर नव्हती, पण तिच्यापुढे हेडसरांचंही काही चालत नसे. मुक्कामाला बाहेरगावी जायचं तर एका पाड्यावरच्या निदान दोघी हव्यात. एकटी पोर कुणी धाडणार नाही. एकीला काही झालं तर दुसरीनं घरी येऊन सांगायला हवं, इतकं साधं ते होतं. मी स्वतः नाशिकला शिकायला निघाले तेव्हा माझ्या चुलतबहिणीला माझ्याबरोबर धाडलं होतं. मी गणित शिकले, ती शिवण शिकली, आणि सुट्टीला दोघी मिळून आपापल्या आयांना एकमेकींबद्दल खरं काय ते सांगायचो. त्यामुळे या अटीची मी कधी थट्टा केली नाही. पण संघ निवडताना ती अशी काही आडवी यायची की कपाळावर हात मारून घ्यावा.

तर त्या वर्षी मी जाहीर करून टाकलं की संघ गणितानं काढू. एम.एस्सी.ला आम्हाला इंटीजर प्रोग्रॅमिंग होतं. नाव भारदस्त आहे, गोष्ट सोपी आहे. प्रत्येक मुलीसाठी एक अक्षर धरायचं. त्याची किंमत एक, तर ती संघात. शून्य, तर बाहेर. तिच्या चढाईला, पकडीला, दमाला गुण द्यायचे. मग सगळ्यांच्या अटी समीकरणात घालायच्या आणि मशीनला सांगायचं, या सगळ्यांचं मन राखून ज्यांच्या गुणांची बेरीज सर्वांत मोठी होईल अशा बारा जणी दे. पाड्यांची अटही अशी मांडता येते: एका पाड्यावरून एक तर एकही नाही, नाहीतर निदान दोन. मला वाटलं, आता भांडायला कुणाला जागाच उरली नाही. मास्तरकीत नवीन होते, दुसरं काय!

वजनाची अट हेडसरांनी मुद्दाम आठवण करून घालायला लावली. त्या वयोगटाला वजनाची वरची मर्यादा असते. शहरातल्या मुली म्हणे तिच्यासाठी आदल्या दिवशी जेवत नाहीत. आम्ही कोठीतल्या धान्याच्या काट्यावर मुली उभ्या केल्या. एकामागून एक मुलगी चढली आणि उतरली, मर्यादेच्या आसपाससुद्धा कुणी गेलं नाही. वावरकडच्या पाड्यांवर ज्या दोन वर्षांत इतकी लेकरं कुपोषणानं गेली, त्या वर्षांत या मुली अंगणात रांगत-खेळत होत्या. त्यातून राहिलेल्या या. गणितात अशा अटीचा काही उपयोग नसतो, ठेवली काय नि काढली काय, उत्तर तेच येतं. वारघडे सर काट्याकडे बघत म्हणाले, "बरं झालं मॅडम, खालची मर्यादा नाही ठेवली कुणी. टीमच झाली नसती आपली."

वावरच्याच बाजूच्या एका पाड्यावरून दोघी होत्या, नववीतल्या देवकी आणि जनी. देवकी चढाईला निघाली की समोरच्या सात जणी आपोआप मागे सरकायच्या. तोंडानं "कबड्डी कबड्डी" इतकं हळू म्हणायची की पंचाला कान लावावा लागायचा, आणि परत यायची ती दोघींना बाद करूनच. जनीला मात्र खेळाचं काही म्हणता काही येत नव्हतं. पकडायला गेली की तिला हसू फुटायचं आणि हसू फुटलं की हात सुटायचा. तिला मैदानात ठेवणं म्हणजे सहा जणींनी खेळणं.

या खेळात देवकीचं काय पणाला लागलं होतं, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. भात झोडून झालं, दिवाळी उरकली, की ट्रक येतात आणि पाडेच्या पाडे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ते शिमग्याला परत येतात. आमच्याकडे 'कामाला जातो' असं कुणी म्हणत नाही. 'जगायला जातो' म्हणतात. बरोबर पोरीही जातात, धाकटी भावंडं सांभाळायला, विटा पालथ्या करायला. ज्या गेल्या त्यांची परीक्षा बुडाली. ज्यांची नववी बुडाली त्यांचं पुढच्या वर्षी लग्न. पण ट्रक गेले त्या दिवशी जी मुलगी वसतिगृहात असेल ती वर्षभर राहायची, कारण भट्टीवरून तिला न्यायला परत कोण येणार? आणि त्या वर्षी आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धा नेमक्या ट्रकच्या आठवड्यात होत्या. देवकीचा बाप रामू मला म्हणाला होता, "टीमात घेतलीस त राहूंदे, बाय. खेल होईस्तोवर राहूंदे. पन दोघी. एकटी नको."

आमच्याकडे अहो-जाहो फार चालत नाही. मी त्याला दादा म्हणायची, तो मला बाय.

म्हणजे देवकीच्या अक्षराची किंमत एक आली तर ती दहावीला जाणार होती. मी हे मशीनला सांगितलं नव्हतं. त्याला सांगायची सोयही नसते.

एका रविवारी वीज होती. हेडसर, वारघडे सर आणि मी त्या पडद्याभोवती बसलो. मी बटण दाबलं. अकरा मुली नीट एक एक अशा आल्या आणि बाराव्या जागी आली अर्धी देवकी आणि अर्धी जनी. प्रत्येकी शून्य पूर्णांक पाच दशांश. उत्तर पूर्णांकात दे, हे सांगायचं मी विसरले होते. मशीननं आपल्या परीनं सगळं निस्तरलं होतं. बारावी जागा एक, पाड्याच्या दोघी हव्यात, मग दोघींना अर्ध्या अर्ध्या करून बसवलं. वारघडे सर हसता हसता खोकायला लागले. "कुठली अर्धी न्यायची, मॅडम? पायाकडची?"

मीही हसले. नंतर रामू बाजाराला आला होता तेव्हा त्यालाही ही गंमत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "बरोबरच सांगतां तां मशीन. अर्धीच हाय ती. दिवाली होस्तोवर तुमची, मंग आमची."

चूक दुरुस्त केली, पुन्हा बटण दाबलं. आता दोघींच्या जागी शून्य आणि शून्य आलं. हिशेब अगदी बरोबर होता. देवकीला घ्यायचं तर जनीला घ्यावं लागतं, जनीसाठी एका चांगल्या मुलीला काढावं लागतं, त्यापेक्षा दोघीही नकोत. आणि इथं माझं डोकं फिरलं. तालुक्यातली सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी बाहेर, आणि ती बाहेर काढणारं गणित माझंच. वारघडे सर उभे राहून ओरडायला लागले की हे खोकं विहिरीत टाका. हेडसर म्हणाले, "अहो, पण मॅडम, प्रत्येक वर्गातून एक, ही अट पाळली गेली ना?" पाळली गेली होती. तीच नडत होती. पाचवीतली एक चिमुरडी निव्वळ हेडसरांच्या समाधानासाठी बारा जणींत बसली होती. तिला स्वतःलाही खेळायचं नव्हतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माना नको. माना आईकडं जायचां."

हेडसरांशी मी त्या दिवशी जितकी भांडले तितकी माहेरीसुद्धा कधी भांडले नव्हते. शेवटी ते वैतागून म्हणाले, "काढा हो ती वर्गाची अट! जेवायची वेळ झाली." अट काढली. देवकी एक, जनी एक. दोघी पुऱ्याच्या पुऱ्या.

त्यानंतरचे दिवस मला चवीसकट आठवतात. सकाळी दव असलेल्या मैदानावर मुलींचे पाय ओले व्हायचे आणि त्यांना माती चिकटायची. सराव झाला की वारघडे सर गूळ-शेंगदाणे वाटायचे. जनी आपल्या वाट्याचे शेंगदाणे ओट्यावर सोलून ठेवायची आणि देवकी येऊन ते खायची, हे असं का म्हणून दोघींपैकी कुणाला विचारावं असं वाटायचं नाही. जामसरच्या बाजूनं येणारी एस.टी. वळणावर हॉर्न द्यायची तेव्हा सगळ्या मुली खेळ थांबवून तिकडे बघायच्या. त्यांना वाटायचं, स्पर्धेला जाताना अशाच गाडीत खिडकीशी बसायचंय.

आणि मग निरोप आला की स्पर्धा पुढे गेल्या. उद्घाटनाच्या पाहुण्यांना सवड नव्हती. आठ दिवसांनी घेऊ. आठ दिवसांनी पुन्हा तेच. आता पुढच्या महिन्यात बघू. इतक्या सहज सांगितलं, जसं काही चहा थोड्या वेळानं ठेवू. मी हेडसरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "तोवर संघ राहील का?" ते म्हणाले, "मॅडम, तारीख आपल्या हातात नाही." खरंच होतं. आम्ही सगळ्यांच्या अटी घातल्या, वर्गाच्या, वजनाच्या, पाड्याच्या. तारीख तेवढी आम्ही पक्की धरून चाललो होतो. आमच्या भागात जन्म काढून, ट्रक कधी येतो हे ज्याला त्याला तोंडपाठ असताना, सरकारी तारीख पक्की धरायची! यासारखा दुसरा मूर्खपणा नाही. आजही आठवलं की चिडचिड होते.

रामू आला तेव्हा ट्रक फाट्यावर उभा होता. तो व्हरांड्याच्या पायरीशी बसला. आत आला नाही.

"खेल झाला, बाय?"

"पुढे गेला, दादा. महिनाभर थांबा ना."

"मी बोललूं तां पाळलां. खेल होईस्तोवर म्हटलां. आता खेलच नाय." तो रागावलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच त्रास झाला. "ट्रक थांबायचा नाय. बारकी पोर हाय, तिला कोन बघल?"

मी खूप बोलले. परीक्षेचं बोलले, दहावीचं बोलले, तिची चढाई कशी आहे ते बोलले. तो सगळं ऐकून मान डोलवत होता. मग देवकी आणि जनी पिशव्या घेऊन बाहेर आल्या. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या बारांतल्या सात जणी अशाच गेल्या.

स्पर्धेची तारीख पुन्हा आली तेव्हा वारघडे सरांनी ओळखीतली एक जीप मागून आणली. म्हणाले, "मॅडम, इतर सहा जमवतो मी कुठून तरी. देवकी नसली तर मात्र जाण्यात अर्थ नाही. आणून खेळवू. आणि एकदा आणली की परत कोण धाडतंय!" मलाही अगदी तेच हवं होतं. सामना हे निमित्त, ती वसतिगृहात परत आली की संपलं.

भिवंडीच्या पलीकडे खाडीजवळ ती भट्टी होती. धूर, ओल्या मातीचा आंबूस वास, पेंढ्यानं शाकारलेल्या बुटक्या झोपड्या. देवकी विटांच्या ओळीत उकिडवी बसून विटा पालथ्या करत होती. आम्हाला बघून उभी राहिली आणि हात मागे लपवले. जनी तिच्या मागे, कमरेवर देवकीची धाकटी बहीण घेऊन. भट्टीचा मुकादम हिंदीत म्हणाला, "एक ले जाओ, मास्टर. दो नहीं." रामू माझ्याकडे बघून म्हणाला, "तू हायस ना बरोबर. मंग ने देवकीला." म्हणजे पाड्याची दुसरी मी झाले. मला त्या क्षणी आनंदच झाला, हे मी नाकारत नाही. जनी हसत होती. बारकीचा हात धरून तिनं टाटा केला.

सामना आम्ही जिंकलो. देवकीच्या तळव्यांना चिरा पडल्या होत्या, पकड करायला जमत नव्हतं, म्हणून ती नुसती चढाया करत राहिली. शेवटच्या चढाईत तिनं तिघींना बाद केलं तेव्हा वारघडे सर भर मैदानात रडले. पाहुणे बक्षिसाच्या वेळीही उशिराच आले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुली एस.टी.नं निघाल्या आणि आम्ही तिघं जीपमध्ये बसलो. जव्हारच्या फाट्याशी मी तिला सांगितलं, "आता भट्टीवर जायचं नाही. तू शाळेत राहायचं. तुझ्या बाला मी निरोप देते, तो काही म्हणणार नाही."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजली. वारघडे सरांनी गाडी शाळेच्या रस्त्याला घातली तसं तिनं पुढे वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला.

"सर, तथं सोडा माना. भट्टीवर."

"अगं वेडी आहेस का?" मी जवळजवळ ओरडलेच. "वर्ष जाईल तुझं! पुढच्या वर्षी तुझं लग्न लावतील, कळतंय का तुला?"

"कळतां, मॅडम."

"मग?"

"जनी एकटी हाय ना तथं."

 गावाला मुक्कामी जाताना एकटी पोर नको, ही अट मला पाठ होती. मी ती समीकरणात घातली होती, तिच्यासाठी हेडसरांशी भांडले होते. मग जोडीची पोर उचलून, जनीला भट्टीवर एकटी ठेवून मी निघून आले होते, आणि ते मला दिसलंही नव्हतं. जनीच्या चढाईला गुण नव्हते, म्हणून असेल.

"आपण जनीलाही आणू," मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. वारघडे सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मुकादम काय म्हणाला होता ते त्यांनीही ऐकलं होतं. बारकीला कोण बघणार, हेही दोघांना ठाऊक होतं. देवकी काचेतून बाहेर बघत होती. तिनं तिच्यापुरतं ठरवून टाकलं होतं आणि आम्ही ठरवायची ती वाट बघत होती.

सरांनी गाडी वळवली. भट्टीवर पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जनी मातीच्या ढिगाशी उभी होती, आमचीच वाट बघत असल्यासारखी. गाडी थांबायच्या आधीच देवकीनं दार उघडलं.  जनीनं बारकीला एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं देवकीची पिशवी घेतली. मग त्या झोपड्यांकडे चालत गेल्या, आणि मी जीपमध्ये तशीच बसून राहिले, चडफडत, कुणावर ओरडायचं ते न सुचून.